कमरेला बांधायचा डबा

बाबा, तुझा पितळेचा पानाचा डबा आज मी करवतीने कापला. आतले चुन्याचे, काताचे, सुपारीचे कप्पे काढून टाकले, कडा कानशीने घासल्या आणि चिंच लावून तो असा लखलखीत केला की तू होतास तेव्हाही तो कधी एवढा चमकला नव्हता. सव्वीस वर्षं तो तुझ्या फोटोपुढे होता. पितृपंधरवड्यात आई त्यात पान-तंबाखू ठेवायची आणि मी ठेवू द्यायची. आता त्यात काडेपेटी आहे, गूळ आहे, आरसा आहे, शिट्टी आहे. ज्याला तू चारचौघांत मरणाचा डबा म्हणालास, तो मी तुझ्याच डब्याचा केला. बोईसरच्या बाजारात पत्र्याचे, प्लॅस्टिकचे हवे तेवढे डबे मिळतात. पण तुला राग यायला हवा होता, म्हणून हाच घेतला.

कारण आधी सांगते. माझी लेक तू पाहिली नाहीस. ती तेवीस वर्षांची आहे आणि तिला खाडीतल्या तिवरांची मोजदाद करायचं काम मिळालंय. कुठे नवी रोपं आलीत, कुठे जुने तिवर वाळलेत, ते सगळं लिहून कोळगावच्या सरकारी कचेरीत द्यायचं. त्यासाठी सोमवारपासून ती आपल्या दातिवऱ्याहून निघून खाडीत आत आत जाणार, एकटी. तिची होडी तुझ्या ओळखीची नाही. प्लॅस्टिकची, केशरी, एकाच माणसाला पाय लांब करून बसता येईल एवढी, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. ती तिला कयाक म्हणते, आई तिला घमेलं म्हणते. मी काहीच म्हणत नाही. एकटी बाई, लहान होडी आणि ती खाडी, हे तिन्ही पुन्हा एकदा आमच्या घरात आलंय, आणि या वेळी तू आडवा यायला नाहीस म्हणून मला बरं वाटतंय. हे मी अगदी सरळ लिहिते.

सरावलीच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर सगळं मांडून बसलेय. आई पाटावर बसून बघतेय, एक पाय दुमडलेला, दुसऱ्याचा गुडघ्याखालचा तुकडा लुगड्यात झाकलेला. मी काड्यांची टोकं वितळलेल्या मेणात बुडवते आणि ताटलीवर वाळत टाकते. आमच्या कारखान्यात गोळ्यांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या घालतात, तसल्या दोन पुड्या काड्यांबरोबर ठेवल्या. तीस वर्षं पॅकिंगमध्ये काढली मी, हवा आणि पाणी आत जाऊ न देणं याचाच पगार खाल्ला. गळाची दोरी आणि दोन गळ सुईच्या कागदात गुंडाळले. जखमेचं मलम, पट्टी, मीठ-साखरेची पुडी, बोटाएवढी बॅटरी. कचऱ्याची मोठी काळी पिशवी घडी घालून तळाशी, कारण तिला भोक पाडून अंगात घातली की ओल्या अंगाला वारा लागत नाही, आणि खाडीत माणूस बुडण्याआधी गारठतो. झाकण आतून एवढं घासलंय की उन्हात धरलं तर समोरच्या काठावर कवडसा पडेल. झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली. बादलीत सोडून पाहिला तर सरळ तळाला गेला, तुझाच डबा तो. मग जाळ्याचा एक बोया त्याला बांधला, तेव्हा मुकाट्याने वर आला. ‘एवडं काय भरतं गो त्यात?’ आई म्हणाली. ‘पोर काय लंकेला चालली हाय?’ मी म्हटलं, ‘तू कुठे लंकेला गेली होतीस?’ त्यावर तिने मेणाची ताटली माझ्याकडे सरकवली.

पहिला डबा आम्ही दोघींनीच केला होता, तुझ्या घरात, चुलीपुढे. हिंगाचा पत्र्याचा, तळहातावर मावेल एवढा. मी दहावीत होते. आई ओहोटीला एकटी होडी घेऊन पाण्याबाहेर आलेल्या खडकांवर, खडपावर, कालवं फोडायला जायची आणि मी शाळेच्या खिडकीतून वारा बघत बसायची. तू मोठ्या होडीचा तांडेल, सगळ्या खलाशांवर तुझा हुकूम, आठ-आठ दिवस समुद्रात. तुला काय माहीत की ती परत येईपर्यंत मी ताटावर बसायची नाही. काड्या मेणात बुडवायचं आणि झाकणाच्या कडेला मेण थापायचं मी शोधलं. शिट्टी शाळेच्या खेळाच्या पेटीतली, खरं सांगायचं तर उचललेली. आरशाचा तुकडा, गूळ, ब्लेड. कमरेच्या कोयत्याशेजारी तो नाडीने बांधायचा, म्हणजे होडी हातची गेली तरी डबा अंगावर राहील, ही अक्कल आईची. आणि लांबून दिसेल असं लाल फडकं हवं म्हणून मी पेटी उघडली. घरात खरं लाल असं एकच होतं, तिच्या लग्नाच्या लुगड्याचा काठ. मीच कात्री लावली. आई म्हणाली, ‘काप, कोन बगतंय.’

बघणारा तू होतास. धक्क्यावर तुझी होडी लागलेली, बायका पाट्या घेऊन उभ्या, मासळीचा लिलाव चाललेला, आणि आईच्या कमरेला तुला ते लटकताना दिसलं. तू विचारलंस काय आहे, तिने भाबडेपणाने उघडून दाखवलं. तुझी बोटं सगळ्यावरून फिरत त्या लाल चिंधीवर थांबली. तुझं तोंड अजून डोळ्यांपुढे आहे. ‘लग्नाचं लुगडं फाडलं?’ तू म्हणालास. ‘मी मेलो काय? माज्या जीवावर उटल्या काय गो तुमी दोगी?’ मी मध्ये बोलले, ‘बाबा, ते अडचणीत दाखवायला हाय.’ तू माझ्या कानाखाली वाजवलीस. मग झाकण लावलंस, चांगलं दाबून लावलंस हे मला आठवतं, आणि डबा खाडीत भिरकावलास. ‘मरनाचा डबा बांदून जायाचं तर जायाचंच कशाला? दर्याला विश्वास दिला तर दर्या विश्वास देतो. माज्या होडीत असलं नाय चालायचं.’ बायकांनी माना डोलावल्या. कोणी हसलंही. डबा ओहोटीबरोबर तरंगत निघून गेला, आणि आईने ऐकलं. तिने तुझं नेहमीच ऐकलं.

आठवड्याने खडपावर तिच्या होडीची दोरी कालवांनी कापली. कालवाची धार म्हणजे ब्लेडच. ती पाठमोरी बसून फोडत होती आणि होडी तिच्या मागून ओहोटीला लागली. मग भरती आली. खडप बुडायला लागला तशी ती उतरली आणि कालवांवरून, चिखलातून, मांडीएवढ्या पाण्यातून तिवरांपर्यंत गेली. चपला पहिल्या चार पावलांतच गेल्या. तिवराच्या बुंध्याला मिठी मारून ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उभी होती. त्या वेळात दोन होड्या समोरून गेल्या बाबा, दोन. तिने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, पण वारा उलटा आणि इंजिनांचा आवाज. शिट्टी ऐकू गेली असती. लाल काठ दिसला असता. सकाळी जाळं लावायला गेलेल्या एका म्हाताऱ्याने तिला आणलं, तेव्हा तिच्या पायांना पाय म्हणवत नव्हतं. डावा कसाबसा भरला. उजवा सडत गेला आणि पालघरच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

आणि तू काय केलंस? नारळ वाहिलास. ‘पाय घेतला, जीव ठेवला, दर्यानं परत दिली,’ असं येईल त्याला सांगत राहिलास, जणू तू आणि समुद्र मिळून आमच्यावर उपकार केले होते. पडलो तरी नाक वर ते हेच. पाय कापल्यावर तिसऱ्या दिवशी तू दवाखान्यात पिशवी घेऊन आलास. पिशवीत निळ्या पट्ट्याच्या नव्या कोऱ्या रबरी चपला. दोन. मी तुझ्या अंगावर ओरडले की आंधळा आहेस का, तर तू चपलांकडे बघत म्हणालास, ‘जोडच देतात. एक कोन देतो?’ आणि आई हसली. टाके ओढले जाईपर्यंत हसली. तुझ्यावरचा राग मला समजतो, पण तिच्या त्या हसण्याला मी आजपर्यंत माफ केलेलं नाही. ती डावी चप्पल तिने झिजेपर्यंत वापरली. उजवी अजून तिच्या पेटीत आहे, कोरी.

मग माझं एकच काम उरलं, तुझ्याशी बोलणं बंद. अठराव्या वर्षी बोईसरला कारखान्यात लागले, सरावलीत खोली घेतली. सणाला आले तर आईशी बोलायची आणि तुझ्यापुढे ताट आपटायची. आईचं तोंड मात्र सुटलेलं होतं. काठी टेकत चुलीपर्यंत जाताना रोज म्हणायची, ‘डबा फेकला नसता तर आज माजा पाय असता.’ तू जेवत असायचास. मान वर करायचा नाहीस, उलटून शब्द बोलायचा नाहीस, भात कालवत बसायचास. धक्क्यावर वाघासारखा डरकाळणारा माणूस घरात मुका. मी मनात म्हणायची, बघा, दगडाला पाझर फुटेल पण याला नाही.

असं चार-पाच वर्षं चाललं. एक दिवस दुपारी गेटवरचा वॉचमन पॅकिंगमध्ये निरोप घेऊन आला, ‘दीदी, आपके बाबा आए हैं, कब से खड़े हैं.’ तू इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला होतास. डोक्याला रुमाल, हातात सुक्या बोंबलांची पिशवी, आणि छातीचं दुखणं सुरू झालेलं, श्वास लागत होता. मी टोपी-मास्कसकट बाहेर आले. काढला नाही. तू पिशवी पुढे केलीस आणि कारखान्याच्या भिंतीकडे बघत विचारलंस, ‘तो डबा... त्याचं झाकन कसं लावलेलं गो?’ मी म्हटलं, ‘विसरले.’ विसरले नव्हते, हे तुलाही कळलं असेल. बोंबील मी लाइनीवरच्या बायकांना वाटून टाकले. त्याच थंडीत तू गेलास, समुद्रात नाही, खाटेवर, घरात, गोधडीत. तुझा दर्या बघायलासुद्धा आला नाही.

तुझं दिवसकार्य झालं आणि मी डबे करायला लागले. दातिवऱ्यात कालवांना, तिसऱ्यांना, चिंबोऱ्यांना एकट्या जाणाऱ्या प्रत्येक बाईला एक. सुट्टीच्या दिवशी जायची, धक्क्यावर बसायची, तू जिथे उभा होतास अगदी तिथे, आणि सगळ्यांसमोर मेण वितळवायची. प्रत्येक झाकणावर खिळ्याने तुझ्या होडीची खूण कोरली, तो मासा आणि दोन डोळे. गावाने बघावं की यानेच फेकला होता. मरणाचा डबा म्हणणाऱ्याचं नाव बायकांच्या कमरेला बांधून फिरवीन असा माझा हिशेब. सुरुवातीला म्हाताऱ्या खाली मान घालून डबा घ्यायच्या, त्यांना सगळं आठवत होतं. पण म्हाताऱ्या गेल्या आणि सुना आल्या. मागच्या शिमग्याला एक नवी सून डबा घेऊन आली, रबर बदलून दे म्हणाली. झाकणावर अंगठा फिरवत म्हणाली, ‘आत्या, तुमचा बापूस लई शाना मानूस असल. बाईमानसाचा येवडा इचार कोन करतं?’ मी रबर बदललं. आज दातिवऱ्यात त्याला तांडेलाचा डबा म्हणतात. मेल्यावरसुद्धा तू माझ्या हातचं हिसकावून घेतलंस.

आता जे लिहायचंय त्यासाठीच खरं म्हणजे कागद घेतला होता, आणि तो टाळत इथवर आले. त्या दिवशी गेटवर तू जे बोललास ते मी वर अर्धंच लिहिलं. मी ‘विसरले’ म्हटल्यावर तू लगेच वळला नाहीस. तू म्हणालास, ‘पानी नाय शिरलं बग आत. उगडला तर हिंगाचा वास तसाच.’ मग बोंबलांची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि गेलास. लाइनीवर परत येऊन मी बाटल्यांना झाकणं लावायला लागले, आणि दहा-पंधरा मिनिटांनी माझे हात थांबले. खाडीत फेकलेल्या डब्यात पाणी शिरलं नाही हे तुला कसं कळलं?

डबा माझ्याकडे होता, बाबा. तू फेकल्यानंतर दोन दिवसांनी तो मला तिवरांच्या मुळ्यांत सापडला. एक थेंब आत गेला नव्हता, काड्या कोरड्या, गूळ कोरडा. मी तो आईला दिला नाही. माळ्यावर तुझ्या जुन्या जाळ्याच्या गुंडाळीत लपवला, आणि ती खडपावर गेली तेव्हा तो तिथेच होता, पाच दिवस झाले होते. मला तुला खोटं पाडायचं होतं. कानाखालचा आवाज सगळ्या धक्क्याने ऐकला होता, तसाच माझा डबाही सगळ्या धक्क्याने बघायला हवा होता. काहीतरी व्हावं असं मला वाटत होतं. फार नाही. होडी चिखलात रुतावी, आई संध्याकाळपर्यंत अडकावी, तुझी पाचावर धारण बसावी, आणि मग मी तो डबा तुझ्या पायाशी आपटून म्हणावं, बघ, हा असता तर. एवढंच मागितलं होतं मी. ती घरातून निघाली तेव्हा मी दारात उभी होते आणि माळा माझ्या डोक्यावर होता.

तू जाळं काढायला गेलास तेव्हा तो तुला सापडला असणार. कधी, ते मला माहीत नाही. तुझ्यामागे मी माळा झाडला तेव्हा तो त्याच गुंडाळीत होता, पण झाकणावर मेण नव्याने थापलेलं होतं, जाड, वेडंवाकडं, बोटांचे ठसे उमटलेले. तुला ते काही जमलं नव्हतं. म्हणजे आई रोज ‘डबा फेकला नसता तर’ म्हणायची आणि तू भात कालवत बसायचास, तेव्हा निदान शेवटी शेवटी तुला माहीत होतं की डबा घरात होता. एक शब्द बोलला असतास तर तिचं तोंड माझ्याकडे वळलं असतं. तू बोलला नाहीस.

याचे मी आभार मानीन असं तुला वाटत असेल तर चुकतोस. तुला कोणी सांगितलं होतं माझं झाकायला? चारचौघांत मारता येत होतं तर चारचौघांत सांगायचंही होतंस, की डबा हिच्याकडे होता. आई चार दिवस रडली असती, मला शिव्या घातल्या असत्या, फिटंफाट झाली असती. ते न करता तू चांगला होऊन मेलास आणि हे माझ्या गळ्यात बांधून गेलास. तू एक डबा फेकलास याचा सूड मी कधीच उगवला असता. न बोलल्याचा सूड कसा घ्यायचा ते मला सव्वीस वर्षांत सापडलं नाही, म्हणून आज करवत घेऊन तुझ्या पानाच्या डब्यावर बसले.

सगळं भरून झालंय. शिट्टी तीच घातली, हिंगाच्या डब्यातली, शाळेतून उचललेली. लाल काठसुद्धा तोच, विटलाय थोडा, पण लांबून अजून दिसेल. आईने शिट्टी हातात घेतली, पदराने पुसली, एकदा वाजवली. खालच्या चाळीतली कुत्री भुंकली. ‘नवी का गो?’ तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली आणि जरा वेळ माझी बोटं मुठीत धरून बसली. मग म्हणाली, ‘पोरीच्या कमरेला घट बांद. इसरू नको.’ लाल चिंधी मी तिला दाखवली नाही, आधीच पिशवीखाली सारली होती.

आग पेटवायला पहिला कोरडा कागद लागतो. मी ठरवलं होतं की हेच पत्र बारीक घडी करून काड्यांच्या शेजारी घालायचं. तुझ्यावरचा राग कधी माझ्या लेकीच्या उबेला आला असता, तर त्याहून चांगली जागा त्याला मिळाली नसती. पण आता लिहून झाल्यावर मी गोळ्यांच्या बाटलीबरोबर येतो तसला एक माहितीपत्रकाचा कागद घडी करून घातलाय आणि झाकण दाबलंय. हे पत्र मी डब्यात घालत नाही. आईला वाचता येत नाही, पण लेक तिला वाचून दाखवेल.